घाट चढायचा तर आधी घड्याळ बघा

या महिन्यात सायकलीबद्दल आलेली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच दुखण्याची आहेत. सोलापुरात राहायचं आणि घाट, झाडी, वळणं यांची हौस बाळगायची, ती भागवायची कुठं? मी तीस वर्षं एसटीचं स्टिअरिंग धरलं. पहिली बारा सातारा जिल्ह्यात, पुढची सोलापुरात. निवृत्तीनंतर सायकल घेतली तेव्हा घाट तेच होते, फक्त इंजिन माझ्या गुडघ्यात आलं. त्यामुळे उत्तरांत ड्रायव्हर डोकावणार, ते चालवून घ्या.

प्रश्न : वय २६, राहणार जुळे सोलापूर. दसऱ्याला गिअरची रोड बाईक घेतली. रोज विजापूर रोडला तीस किलोमीटर होतात, पण सगळं सपाट आणि उजाड. मोबाईलवर पुण्याची मुलं झाडीतल्या घाटांत सायकली मारताना दिसतात. एका दिवसात जाऊन परत येता येईल असा घाट आणि जंगल आपल्याकडं आहे का?

आहे. माझ्या धाकट्याच्या वयाचा आहेस म्हणून 'तू'च म्हणतो.

आधी 'जंगल' म्हणजे काय ते ठरवू. महाबळेश्वरसारखं भर दुपारी अंधार पाडणारं जंगल तुला इथं मिळायचं नाही. आपल्याकडं बालाघाटचा डोंगर आहे. त्याच्या अंगावर पळस, खैर, धावडा, बोर, सीताफळ. पावसाळ्यात हिरवा, होळीला पळसानं पेटलेला आणि मे महिन्यात नुसता हाडांचा सापळा. मला तो तिन्ही रूपांत आवडतो, पण सायकल घेऊन मे महिन्यात जाऊ नकोस. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत डांबर मऊ होतं आणि माणूसही.

सुरुवात तुळजापूरपासून कर. जुन्या तुळजापूर नाक्यापासून रूपाभवानीचं देऊळ मागं टाकलं की थोड्या वेळात हिप्परग्याचा तलाव लागतो. पुढं तामलवाडी आणि मग घाट. एका बाजूचे पंचेचाळीस किलोमीटर. घाट लहान आहे, पण पायात आधीच चाळीस किलोमीटर असतात आणि रस्ता सोलापूरपासूनच हळूहळू उचललेला असतो. डोळ्यांना तो सपाट दिसतो, मांड्यांना कळतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं मागचा ब्रेक घासतोय. उतरून चाक फिरवून बघितलं, ब्रेक मोकळा होता. घासत मीच होतो.

तुळजापुरात भवानीचं दर्शन घे, चहा घे. आल्या रस्त्यानं परतलास तर नव्वद किलोमीटर. पाय राजी असतील तर तिथून नळदुर्गचा रस्ता धर, साधारण तेहतीस किलोमीटर. नळदुर्गचा किल्ला बोरी नदीवर आहे. आदिलशाहीत नदीवर बांध घालून त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल बांधला. नदी भरली की बांधावरून नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात. ते बघायला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सगळं सोलापूर लोटतं. तिथून हैदराबाद रोडनं इटकळ, बोरामणी करत घरी. वेढा एकशेतीसच्या आसपास.

आता खरं जंगल म्हणशील तर येडशीचं रामलिंग. तुळजापूरहून धाराशिव, तिथून येडशी. महामार्ग सोडून आत वळलास की देऊळ दरीत आहे आणि भोवती बावीसेक चौरस किलोमीटरचं अभयारण्य. रावणाशी झुंजून जटायू इथंच पडला असं लोक सांगतात, त्याची समाधीही दाखवतात. पावसाळ्यात देवळाजवळ धबधबा वाहतो. माकडं मात्र बेरकी. माझी केळी त्यांनी पिशवीसकट नेली आणि पिशवीत पंपही होता. पुढं पंक्चर झालं असतं तर जटायूच धावून यायला हवा होता. येडशीहून पांगरी, बार्शी, वैराग, नान्नज असा परत आलास तर एकशेऐंशीच्या पुढं जातं. ब्रेव्हेवाली, म्हणजे ठरल्या वेळेत लांब पल्ला सायकलीवर पुरा करणारी मंडळी दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत करतात, म्हणजे हा वेढा त्याची बरी तालीम आहे. नान्नजला माळढोकचं अभयारण्य आहे. माळढोक आता दिसेलच असं नाही, पण गवताळ माळावर संध्याकाळी काळवीट दिसतं. तेवढ्यासाठी मी त्या रस्त्यावर वेग कमी करतो.

आता घड्याळ आणि वारा. हे कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितो. तुळजापूर, नळदुर्ग, येडशी ही सगळी ठिकाणं सोलापूरच्या उत्तरेला आणि पूर्वेला आहेत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. जाताना तो पाठीवर थाप मारत नेतो, आपल्याला वाटतं आपण फार तयारीचे झालो. परतताना तोच छातीवर बसतो. दमलेल्या पायांनी, उपाशी पोटी, दुपारच्या वेळी. नोव्हेंबर ते जानेवारी उलटं. सकाळी ईशान्येचा गार वारा अंगावर घेत जायचं आणि परतीला तो पाठीशी. म्हणून माझ्या मते आपल्याकडचा सायकलीचा खरा हंगाम हुरड्याचा. पहाटे पाचला निघायचं आणि बारा वाजता घरात असायचं.

पण त्याच हंगामात ऊस असतो. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि उसाचे शेंडे दोन्ही अंगांनी बाहेर आलेले. पहाटेच्या अंधारात तो काळा ढीग वीस फुटांवर आल्याशिवाय दिसत नाही. पुढचा दिवा रस्ता उजळणारा घे, मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेव. आणि कोजागरीच्या आदल्या दिवशी तुळजापूर रोडला सायकल नेऊ नकोस. सगळा रस्ता देवीला चालत जाणाऱ्यांचा असतो. त्या रात्री चालतच जा.

प्रश्न : वय ६१, अशोक चौक. यंत्रमागावर जॉबर होतो. माझ्याकडं बिनगिअरची काळी सायकल आहे, तीस वर्षांची. मुलगा म्हणतो हिच्यावर तुळजापूरचा घाट चढणार नाही. नवी घ्यायची ऐपत आहे, पण इच्छा नाही. काय करू?

मुलाला सांगा, ही सायकल बाजारात होती तेव्हा तुळजापूरला लोक हिच्यावरूनच जात होते. आता तुमच्याच भाषेत हिशेब करू. माग दुरुस्त करणाऱ्याला दाते मोजायला शिकवायची गरज नाही.

तुमच्या सायकलीला पुढं बहुधा ४४ दात आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं, म्हणजे सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढं जाते. सपाटीला छान, चढाला जड. वरच्या पोराच्या रोड बाईकला पुढं ३४ आणि मागं ३२ लागतात, ती एका फेऱ्यात सव्वादोन मीटरच सरकते. म्हणून ती चढते. त्यात पोराचं कौतुक थोडं आणि दात्यांचं जास्त.

तुम्ही नव्या सायकलीऐवजी मागचं फ्रीव्हील बदला. बावीस दात्यांचं मिळालं तर बघा. एका फेऱ्याला साडेपाचाऐवजी साडेचार मीटर, म्हणजे पायावरचा पाचवा हिस्सा भार कमी. फ्रीव्हील मोठं झालं की चेन तोकडी पडेल, एक-दोन कड्या वाढवाव्या लागतील. दोन्ही चाकांचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्या, सायकल एकदा ओव्हरऑइल करा, ब्रेकगट्टू नवे घाला. ते सर्वात महत्त्वाचं, कारण चढलात तर उतरायचंही आहे. आणि एवढं करून घाटात दम लागलाच तर उतरून चाला. मी स्वतः उतरून चाललोय. देवीला कुणी विचारत नाही की बसून आलास का ढकलत आलास.

एक मात्र ऐका. साठीनंतर पहिल्यांदा चढ मारणार असाल तर आधी डॉक्टरकडं जाऊन रक्तदाब आणि छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, करून घ्या.

प्रश्न : मी बार्शीची, शाळेत शिक्षिका, वय ४३. आम्ही पाच मैत्रिणी दोन वर्षं सायकल चालवतोय. बालाघाट फिरून झाला. आता सह्याद्रीतली दाट झाडी बघायची आहे. दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवस आहेत. कुठं जावं?

ताई, साताऱ्याला मुक्काम करा. माझं तरुणपण तिथं गेलं म्हणून पक्षपात असेल, पण नकाशाही माझ्या बाजूनं आहे. एकाच गावातून तीन वेगवेगळ्या जातीचे घाट.

पहिल्या दिवशी कास. साताऱ्यातून बाहेर पडताच यवतेश्वरचा घाट सुरू होतो, पाय गरम व्हायला वेळच देत नाही. म्हणून आधी गावात दहा-पंधरा मिनिटं हळू फिरून घ्या. पठार पंचविसेक किलोमीटरवर. फुलांचा बहर ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत, त्यामुळं तुम्ही जाल तेव्हा तो सरलेला असेल. मला ते बरंच वाटतं. बहरात शनिवार-रविवारी तिथं गाड्यांची रांग लागते आणि त्या रांगेच्या धुरात चढ मारणं म्हणजे चुलीसमोर बसून प्राणायाम. फुलं नसली तरी पुढं कासचा तलाव आहे. सातारकरांच्या नळाला त्याचंच पाणी येतं. तलावापासून रस्ता झाडीतून बामणोलीला उतरतो, कोयनेच्या शिवसागराच्या काठावर. तिथं पाण्यात पाय सोडून बसा, पण जेवण हलकं करा. जेवढं उतरलात तेवढं सगळं परत चढायचं आहे. मी एकदा भाकरी-पिठलं पोटभर खाल्लं होतं आणि पहिल्या दोन किलोमीटरमध्ये त्याचा पश्चात्ताप केला होता.

दुसऱ्या दिवशी महाबळेश्वर. बहुतेक जण वाईवरून पसरणी घाटानं चढतात. बारा किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ, एकसारखा. बस चालवायलाही तो घाट आवडायचा, कारण तो फसवत नाही. पण झाडी कमी, ऊन अंगावर आणि पर्यटकांच्या गाड्या. तुम्हाला झाडी हवी तर मेढ्यावरून केळघरचा घाट धरा. वाहतूक कमी, सावली जास्त. चढ मात्र मधेच तीव्र होतो, तेव्हा गर्वानं उभं राहून मारू नका, हलक्या गिअरवर बसून फिरवत राहा. चढताना केळघर आणि तिसऱ्या दिवशी उतरताना पाचगणी, पसरणी, वाई, असं माझं मत. वाईला उतरून ढोल्या गणपतीसमोर कृष्णेच्या घाटावर बसलात की तीन दिवसांचा शीण तिथंच सोडता येतो.

दाट जंगल म्हणतात ते महाबळेश्वरच्या पुढं आंबेनळी घाटात. जांभूळ, हिरडा, अंजन, वर फांद्या एकमेकींत अडकलेल्या. प्रतापगडाच्या वाटेवर वाडा कुंभरोशीपर्यंत वीसेक किलोमीटर उतार आहे. तिसऱ्या दिवशी पहाटे अर्ध्यापर्यंत उतरा आणि परत फिरा. पूर्ण पोलादपूरला उतरण्याचा मोह होईल. तो आवरा, परत चढायला अख्खा दिवस लागेल. या घाटांत पावसाळ्यात जाऊ नका, कितीही हिरवे दिसले तरी. सोलापुरात वर्षाला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, महाबळेश्वरात पाच हजारांच्या वर. आपल्याला त्या पावसाचा अंदाजच नसतो. २०२१च्या जुलैमध्ये आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी खचला होता. दरड पडते तेव्हा आधी हॉर्न वाजवत नाही.

कराडहून कोयनानगर आणि कुंभार्ली घाटही अनेकजण विचारतात. जंगल उत्तम, २०१० साली झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा तो शेजार आहे. पण चिपळूणकडची ट्रकांची वर्दळ बघता पाच जणींनी पहिल्या फेरीत तिथं जाऊ नये.

गवा दिसला तर फोटो काढायला पुढं जाऊ नका. थांबा, त्याला रस्ता ओलांडू द्या. तो ओलांडून गेल्यावरही थोडं थांबा, मागं बहुतेक दुसरा असतो. आणि दिवाळीच्या पाडव्याला महाबळेश्वरात खोली आणि रस्ता दोन्ही मिळत नाहीत. सुट्टीचा शेवटचा आठवडा बघा.

खायला बरोबर शेंगापोळी न्या. गूळ आणि दाणे, आठ दिवस टिकते, खिशात चुरा होत नाही. दुकानातल्या परदेशी वड्यांपेक्षा मला तिनं जास्त घाट चढवलेत.

प्रश्न : चढ जमतो, पण उताराची भीती वाटते. ब्रेक सतत दाबून हात दुखतात. काय चुकतंय? (कुर्डुवाडी)

सतत दाबणं हेच चुकतंय. एसटीत आम्हाला शिकवलेलं : ज्या गिअरनं घाट चढतोस त्याच गिअरनं उतर. म्हणजे गाडी इंजिनानं रोखली जाते, ब्रेक थंड राहतात. सायकलीला ती सोय नाही, सगळा भार ब्रेकवर. तो सारखा दाबून धरला की रिम तापते, गट्टू गुळगुळीत होतात आणि नेमक्या गरजेच्या क्षणी पकड जाते. म्हणून दाबा, सोडा, दाबा, सोडा. दोन्ही ब्रेक वापरा. थांबवण्याचं मुख्य काम पुढचा ब्रेक करतो, त्याला घाबरून नुसता मागचा दाबू नका. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबला तर चाक घसरतं. नजर दरीकडं गेली की सायकलही तिकडं जाते, म्हणून वळण जिथं संपतं तिथं बघा. ओला पाला, शेण आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे, या तिन्हींवर ब्रेक नको.

हात दुखत असतील तर ब्रेकची दांडी बोटांपासून लांब असेल. सायकलवाल्याकडून ती जवळ आणून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. आणि पहाटेच्या उताराला शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवा. थंडीच्या रात्रपाळीला आम्ही ड्रायव्हर हेच करायचो. गारठलेली बोटं ब्रेक नीट दाबत नाहीत.

प्रश्न : महिन्यात चार पंक्चर. टायर भारीतले आहेत तरी. (विजापूर रोड)

सराटे आणि वेडी बाभूळ, दुसरं कोण! डांबराच्या कडेची मातीची पट्टी सोडून फूटभर आत चालवा. टायर आणि ट्यूबच्या मधली पट्टी मिळते, ती घाला. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून कापूस फिरवा. काटा राहिला असेल तर कापूस तिथं अडकतो. तो न काढता नवी ट्यूब घातली की पाचवं पंक्चर.

प्रश्न : राग मानू नका, पण तुम्ही एसटी चालवत होता तेव्हा आम्हा सायकलवाल्यांना शिव्या घालत होता का? (बाळे)

घालत होतो. खोटं कशाला बोलू.

एक गोष्ट सांगतो, मग ठरवा. पसरणी घाटात वर चढत होतो, गाडी भरलेली, डावीकडचं आवळ वळण. पुढं पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा सायकलीवर. मी त्याला वळणाच्या तोंडाशी ओलांडला आणि स्टिअरिंग पूर्ण डावीकडं घेतलं. लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं जात नाहीत, ती आतून कापत येतात. पुढं दिसणारी मोकळी जागा मागं येईपर्यंत शिल्लक नसते. त्या मुलाला डाव्या अंगाला चार फूट दिसले आणि तो त्यात शिरला. मला आरशात तो दिसेना. मागच्या दारात उभ्या असलेल्या कंडक्टरला दिसला. त्यानं दोरी ओढली, एकच टोला. एक घंटा म्हणजे थांब. मी थांबलो. उतरून बघितलं तर त्याच्या हँडलच्या मुठीत आणि मागच्या टायरमध्ये दोन बोटांचं अंतर होतं.

मी त्याला तोंडाला येईल ते बोललो. तो रडायला लागला. कंडक्टर म्हणाला, "भाऊ, त्याला काय कळतंय, ओव्हरटेक तुम्हीच केला." तेव्हा ते ऐकून घेतलं नाही. वळणाच्या तोंडाशी त्याला ओलांडायला नको होतं. दहा सेकंद मागं राहिलो असतो तर काय बिघडणार होतं? माझी गाडी तशीही वीस मिनिटं लेट होती.

आता उलट बाजूनं सांगतो. घाटात डावं वळण समोर असेल आणि मागून बसचा आवाज आला, तर वळणात शिरू नका. अलीकडंच कडेला थांबा, पाय टेका, तिला जाऊ द्या. उजव्या वळणाला तुम्ही बाहेरच्या अंगाला असता. तिथं गाडीचा मागचा शेपटा तुमच्याकडं झुलतो, म्हणून तिथंही हातभर अंतर ठेवा. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला अगदी पुढच्या कोपऱ्यात उभे राहू नका, तिथलं त्याला काही दिसत नाही.

मी अजूनही थांबतो. गेल्या महिन्यात तुळजापूरच्या घाटात थांबलो, तर ड्रायव्हरनं जाताना हात वर केला. ओळखीचा नव्हता.